किरणोत्सर्गी प्रदूषणाचा उगम सांगता येतो

अणुइंधनाच्या कारखान्यांभोवतीच्या मातीत, खाडीच्या गाळात, गवतात किंवा मासळीत किरणोत्सर्गी द्रव्य सापडले की त्यावर एक ठरलेले उत्तर दिले जाते. किरणोत्सर्ग निसर्गातच असतो. केळ्यात असतो, ग्रॅनाइटच्या फरशीत असतो, माणसाच्या अंगातही असतो. त्यातले जे मानवनिर्मित असेल ते जुन्या अणुचाचण्यांतून आणि चेर्नोबिलच्या अपघातातून आधीच जगभर पसरले आहे. तेव्हा सापडलेले द्रव्य अमुक कारखान्याचे, असे कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. कारखाना स्वतः रोज मोजमाप करतो, आकडे मर्यादेच्या आत असतात, आणि जे थोडेफार बाहेर पडते ते वाऱ्यात नि समुद्रात विरून जाते. मग बाहेरच्या कोणी बाटल्या-पिशव्या घेऊन नमुने गोळा करत हिंडण्याचे कारण काय?

हे मत मांडणारे सगळेच कारखान्यांच्या पगारावर नसतात. आपण विज्ञानाची बाजू घेतो असे मनापासून मानणारे शिक्षक, अभियंते, संपादकही ते मांडतात आणि प्रश्न विचारणाऱ्याला घाबरट किंवा विकासविरोधी ठरवून विषय मिटवतात. संताप येतो तो इथे. किरणोत्सर्गी प्रदूषणाचा माग काढण्याचे एक पक्के शास्त्र गेल्या सत्तर वर्षांत उभे राहिले आहे, आणि हे मत विज्ञानाचेच नाव घेऊन त्या शास्त्राकडे पाठ फिरवते.

आधी निसर्गाचा मुद्दा. माणसाला नैसर्गिक स्रोतांतून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते, प्रौढ माणसाच्या शरीरात पोटॅशियम-४० चे चार हजारांहून अधिक बेकरेल असतात, केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइटच्या वाळूत थोरियम भरपूर आहे. हे सगळे खरे आहे आणि या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही. सिझियम-१३७, स्ट्रॉन्शियम-९० किंवा रुथेनियम-१०६ ही द्रव्ये निसर्गात मोजण्याजोग्या प्रमाणात नसतात. युरेनियमचे किंवा प्लुटोनियमचे केंद्रक अणुभट्टीत वा बॉम्बमध्ये फुटले की ती तयार होतात. प्रयोगशाळेत त्यांची नैसर्गिक द्रव्यांशी गल्लतही होत नाही. गाळाचा नमुना वाळवून, दळून, चाळून ठरावीक मापाच्या डब्यात भरतात आणि द्रव नायट्रोजनने थंड केलेल्या जर्मेनियमच्या शोधकाजवळ, शिशाच्या जाड भिंतींआड ठेवतात. तासन्‌तास, कधी दिवसभर मोजणी चालते. गॅमा किरणांच्या ऊर्जेनुसार पडद्यावर एकेक शिखर उभे राहत जाते: पोटॅशियम-४० चे १४६१ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला, सिझियम-१३७ चे ६६२ ला. पदव्युत्तर वर्गातला विद्यार्थीही ती वेगळी ओळखतो. केळ्याचे उदाहरण देणाऱ्यांना ही दोन शिखरे ठाऊक नसतील असे मानणे अवघड आहे.

निसर्गाचा आधार थोडाफार लागू पडेल तो युरेनियमच्या खाणींना आणि खनिज शुद्ध करणाऱ्या गिरण्यांना. तिथले प्रदूषण युरेनियम, रेडियम अशा निसर्गातल्याच द्रव्यांचे असते. पण तिथेही माग लागतो. न छेडलेल्या खडकात युरेनियम-२३८ आणि त्याच्या साखळीतले रेडियम-२२६ यांची क्रियाशीलता जवळपास सारखी असते. गिरणी खनिजातून युरेनियम काढून घेते आणि रेडियम गाळात सोडून देते. त्यामुळे गिरणीच्या गाळात रेडियम युरेनियमच्या कितीतरी पट अधिक भरते. एखाद्या ओढ्याच्या काठच्या मातीत हे गुणोत्तर असे एका बाजूला झुकलेले दिसले, तर ती माती डोंगरातून वाहून आली की गाळाच्या तलावातून, हा प्रश्न मोकळा राहत नाही.

दुसरा मुद्दा अधिक वजनदार वाटतो: मानवनिर्मित द्रव्ये बॉम्बचाचण्यांनी सगळीकडे पसरवली, आता एकाची दुसऱ्यापासून निवड कशी करणार? याचे उत्तर गुणोत्तरांत आहे. एका समस्थानिकाचा आकडा फारसे काही सांगत नाही. दोन समस्थानिकांचे एकमेकांशी प्रमाण खूप सांगते. सिझियमचेच पाहावे. सिझियम-१३७ बॉम्बमध्येही तयार होते आणि भट्टीतही. सिझियम-१३४ मात्र तयार व्हायला इंधन बराच काळ न्यूट्रॉनांच्या माऱ्यात राहावे लागते. बॉम्बचा स्फोट क्षणात संपतो, म्हणून त्याच्या राखेत सिझियम-१३४ जवळपास नसतेच. चेर्नोबिलच्या द्रव्यात त्याचे सिझियम-१३७ शी प्रमाण सुमारे निम्मे होते, फुकुशिमाच्या द्रव्यात जवळपास बरोबरीचे. शिवाय सिझियम-१३४ चे अर्धायुष्य दोन वर्षांच्या आसपास आणि सिझियम-१३७ चे तीस वर्षांचे, त्यामुळे ही जोडी प्रदूषणाचे वयही सांगते.

प्लुटोनियमचा पुरावा तर याहून कठोर आहे. जगभर पसरलेल्या बॉम्बच्या राखेत प्लुटोनियम-२४० चे प्लुटोनियम-२३९ शी प्रमाण सुमारे ०.१८ असते. शस्त्रांसाठी बनवलेल्या प्लुटोनियममध्ये ते ०.०७ च्या खाली असते, आणि वीजभट्टीत दीर्घकाळ जळालेल्या इंधनात पुष्कळ वर जाते. हे प्रमाण मोजणे सोपे काम नाही. नमुना आम्लात विरघळवून, त्यात ज्ञात मापाचे प्लुटोनियम-२४२ मिसळून, रेझिनच्या नळीतून प्लुटोनियम वेगळे करावे लागते आणि पोलादाच्या चकतीवर त्याचा पातळ थर चढवावा लागतो. इतके करूनही अल्फा कणांच्या ऊर्जेवरून २३९ आणि २४० वेगळे दिसत नाहीत, कारण दोन्हींच्या ऊर्जा जवळपास सारख्या आहेत. त्यासाठी अणू वस्तुमानानुसार मोजणारे यंत्र लागते. पण ती यंत्रे आज आहेत आणि काही ग्रॅम गाळातले प्लुटोनियम मोजतात. युरेनियम-२३६ हेही असेच साक्षीदार आहे. ते भट्टीत घडते, निसर्गात त्याचा अगदी अंशमात्र असतो. आयोडीन-१२९ चे अर्धायुष्य सुमारे १.५७ कोटी वर्षे. ब्रिटनमधील सेलाफिल्ड आणि फ्रान्समधील ला हेग या दोन पुनर्प्रक्रिया कारखान्यांनी ते सगळ्या बॉम्बचाचण्यांच्या कितीतरी पट समुद्रात सोडले आहे. उत्तर समुद्रातून आर्क्टिककडे जाणारे प्रवाह समुद्रशास्त्रज्ञ आज या दोन कारखान्यांच्या आयोडीनवरून अभ्यासतात. हजारो किलोमीटरांवरच्या पाण्यात ज्याचा उगम ओळखता येतो, त्याचा उगम कारखान्याच्या कुंपणाबाहेर ओळखता येत नाही, हे म्हणणे कशाच्या आधारावर टिकते?

यावर कोणी म्हणेल की हे कागदावर ठीक, प्रत्यक्षात कारखान्याने कबूल केल्याशिवाय काही सिद्ध होत नाही. त्याला उत्तर म्हणून २०१७ ची शरद ऋतूतील घटना पुरेशी आहे. सप्टेंबरच्या अखेरीस आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला युरोपातल्या हवातपासणी केंद्रांच्या गाळणकागदांवर रुथेनियम-१०६ दिसू लागले. रुमानियात हवेच्या घनमीटरमागे शंभर मिलिबेकरेलच्या वर आकडे गेले. एकाही कारखान्याने, एकाही देशाने काही सांगितले नव्हते. युरोपातल्या प्रयोगशाळांचे जे अनौपचारिक जाळे अनेक वर्षांपासून एकमेकांना आकडे कळवते, त्याने तेराशेहून अधिक मोजण्या एकत्र केल्या. पहिली गोष्ट लगेच ध्यानात आली: सोबत सिझियम नव्हते, इतर विखंडनद्रव्ये नव्हती. भट्टीचा अपघात असता तर ती सगळी मिळून आली असती. एकटे रुथेनियम उडते ते वापरलेल्या इंधनावर रासायनिक प्रक्रिया चालू असताना, कारण त्याचे ऑक्साइड बाष्परूपात निसटते. काही ठिकाणी रुथेनियम-१०३ चाही माग सापडला. त्याचे अर्धायुष्य ३९ दिवसांचे आणि १०६ चे सुमारे ३७२ दिवसांचे. दोघांच्या प्रमाणावरून निघाले की हे इंधन भट्टीबाहेर येऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती, म्हणजे पुनर्प्रक्रियेच्या नेहमीच्या रीतीपेक्षा ते फार ताजे होते. वाऱ्यांची गणिते उलट चालवली तेव्हा उगम दक्षिण उरलमध्ये आला. बाहेर पडलेली मात्रा सुमारे अडीचशे टेराबेकरेल निघाली. तिथे मायाकचा पुनर्प्रक्रिया कारखाना आहे.

रशियाच्या अणुसंस्थेने जबाबदारी नाकारली. किरणोत्सर्गी द्रव्य असलेला उपग्रह पडला असावा, असेही सुचवले गेले. असा कोणताही उपग्रह पडल्याची नोंद आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेकडे नव्हती. आजवर कबुली नाही. २०१९ मध्ये युरोपातील शास्त्रज्ञांचा सविस्तर निबंध प्रसिद्ध झाला आणि २०२० मध्ये दुसऱ्या गटाने गाळणकागदांवरील स्थिर रुथेनियमच्या समस्थानिकांवरून इंधन रशियन बनावटीच्या भट्टीतले असणे जुळते, असे दाखवले. कारखान्याच्या एकाही शब्दाशिवाय कारखान्याचा प्रकार, इंधनाचे वय आणि प्रदेश कळला. ‘कबुलीशिवाय सिद्ध होत नाही’ या म्हणण्याला यानंतर किती किंमत उरते?

मायाकच्या बाबतीत हे पहिल्यांदाच घडले असेही नाही. २९ सप्टेंबर १९५७ रोजी तिथली अतिकिरणोत्सर्गी द्रव कचऱ्याची एक टाकी थंडाव्याअभावी तापली आणि फुटली. सुमारे ७४ पेटाबेकरेल द्रव्य वाऱ्याबरोबर ईशान्येकडे सुमारे तीनशे किलोमीटर लांब पट्ट्यात पसरले. सोव्हिएत सरकारने हे लपवले. १९७६ मध्ये परागंदा जीवशास्त्रज्ञ झोरेस मेदवेदेव यांनी एका ब्रिटिश विज्ञान साप्ताहिकात या स्फोटाचा उल्लेख केला तेव्हा ब्रिटनच्या अणुऊर्जा प्राधिकरणाच्या प्रमुखांनी तो बकवास म्हणून उडवून लावला. मेदवेदेव मग ग्रंथालयात बसले. सोव्हिएत नियतकालिकांत किरणोत्सर्गी तलाव, उंदीर, मासे, झाडे यांवरचे निबंध बिनबोभाट छापले जात होते. फक्त जागेचे नाव गाळलेले असे. प्राण्या-वनस्पतींच्या याद्यांवरून उरल निघाला. अभ्यासासाठी पकडलेल्या पाइक माशांच्या संख्येवरून तलाव किती मोठा असला पाहिजे हे निघाले. बॉम्बच्या राखेत सिझियम-१३७ स्ट्रॉन्शियम-९० पेक्षा अधिक असते. इथे स्ट्रॉन्शियम फार अधिक होते, म्हणून ती बॉम्बची राख नव्हती. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनीही त्याच निबंधांवरून मोठा अपघात झाल्याचा निष्कर्ष काढला. सोव्हिएत सरकारने तो मान्य केला १९८९ मध्ये, स्फोटानंतर ३२ वर्षांनी. त्या ३२ वर्षांत खरे कोण सांगत होते, मेदवेदेव की ज्यांच्याकडे अधिकृत आकडे होते ते?

आता ‘कारखाना स्वतः मोजतोच’ या मुद्द्याकडे. या मुद्द्याची परीक्षा घ्यायची तर सेलाफिल्ड हे योग्य ठिकाण आहे, कारण तो लोकशाही देशातला, कायदे आणि निरीक्षक असलेला कारखाना आहे. तो १९८१ पर्यंत विंडस्केल नावाने ओळखला जाई. १० ऑक्टोबर १९५७ रोजी तिथल्या प्लुटोनियम बनवणाऱ्या एका भट्टीला आग लागल्याचे कळले. आसपासच्या सुमारे ५०० चौरस किलोमीटरमधले दूध आयोडीन-१३१ मुळे काही आठवडे ओतून द्यावे लागले. चौकशीचा पूर्ण अहवाल पंतप्रधान मॅकमिलन यांनी दाबून ठेवला. तो १९८८ मध्ये खुला झाला. धुरातून पोलोनियम-२१० ही बाहेर पडले होते, पण सरकारी मात्रागणितात ते धरले गेले १९८३ मध्ये, तेही बाहेरून टीका झाल्यावर.

त्याच वर्षी शेजारच्या सीस्केल गावात मुलांमधील रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक असल्याची बातमी दूरचित्रवाणीवर आली. सरकारने सर डग्लस ब्लॅक यांची समिती नेमली. समितीने १९८४ मध्ये सांगितले की प्रमाण अधिक आहे, पण कारखान्यातून बाहेर पडलेल्या द्रव्याची मात्रा इतकी नाही की त्याने हे व्हावे. दोन वर्षांनी उघड झाले की पन्नासच्या दशकात भट्ट्यांच्या धुराड्यांतून युरेनियम ऑक्साइडचे सुमारे २० किलो कण परिसरात पडले होते, आणि समितीच्या हाती दिलेला आकडा त्याच्या कितीतरी पट लहान होता. मात्रागणित नव्याने करावे लागले. त्या कर्करोगांचे कारण पुढील अनेक अभ्यासांनंतरही ठरलेले नाही, आणि ते किरणोत्सर्गानेच झाले असे म्हणणे पुराव्यापलीकडे जाईल. पण हेही तितकेच स्पष्ट असले पाहिजे की ‘मात्रा फार लहान’ हा निष्कर्ष ज्या आकड्यावर उभा होता तो आकडाच चुकीचा होता. आकडा कारखान्याचा, गणित कारखान्याच्या आकड्यावर, आणि शंका घेणारा मात्र अवैज्ञानिक: हा न्याय कोणत्या विज्ञानाचा?

नोव्हेंबर १९८३ मध्ये कारखान्याच्या समुद्रात जाणाऱ्या नळाच्या तोंडाशी नमुने घ्यायला गेलेल्या ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेच्या पाणबुड्यांची रबरी नाव आणि साधने दूषित झाली. किरणोत्सर्गी द्रावकाचा तवंग समुद्रात सोडला गेला होता. लोकांना कित्येक महिने आसपासच्या किनाऱ्यांवर विनाकारण जाऊ नका असे सांगावे लागले, आणि १९८५ मध्ये कंपनीला १०,००० पौंडांचा दंड झाला. बाहेरच्या लोकांनी नमुने कशासाठी घ्यायचे, या प्रश्नाचे हे उत्तर आहे. १९९८ मध्ये सीस्केलच्या एका बागेत दाणे टिपायला येणारी कबुतरे दूषित आढळली; ती कारखान्याच्या इमारतींमध्ये वस्ती करत होती. कुंपणावर हवा मोजणाऱ्या यंत्रांना कबुतरे दिसत नाहीत.

कारखान्याला आपल्या आत काय चालले आहे ते तरी नक्की कळते का? सेलाफिल्डच्या थॉर्प या आधुनिक पुनर्प्रक्रिया विभागात एक नळी तुटली आणि विरघळवलेले इंधन पोलादी अस्तराच्या बंद खोलीत गळत राहिले. एप्रिल २००५ मध्ये कॅमेऱ्याने ते दिसले तेव्हा ८३ घनमीटर द्रव साचला होता. त्यात सुमारे २० टन युरेनियम आणि १६० किलो प्लुटोनियम होते. गळती काही महिन्यांपासून चालू होती. तळखड्याच्या नमुन्यांतून आणि हिशेबातल्या तुटीतून तिची चिन्हे दिसत होती, पण नवा कारखाना गळणार नाही या समजुतीत ती बाजूला पडली. द्रव परिसरात गेला नाही, हे नोंदवायलाच हवे. त्याचबरोबर हेही नोंदवायला हवे की जगातल्या सर्वांत नियंत्रित जागांपैकी एका जागी १६० किलो प्लुटोनियम महिनोन्‌महिने चुकीच्या ठिकाणी होते आणि ते कोणाच्या लक्षात आले नाही.

‘मर्यादेच्या आत’ या शब्दांना लोक फार लवकर शरण जातात. १९७५ मध्ये सेलाफिल्डने आयरिश समुद्रात ५,२०० टेराबेकरेलहून अधिक सिझियम-१३७ सोडले. तेही परवानगीच्या मर्यादेतच होते. पुढे तलावांचे पाणी शुद्ध करणारा विभाग १९८५ मध्ये उभा राहिला आणि सिझियमचे प्रमाण काही वर्षांत शंभराव्या भागाच्याही खाली आले. म्हणजे ते रोखणे शक्य होते. मर्यादा ही कोणाला किती सोडू द्यायचे याचा सरकारी निर्णय असतो. समुद्रात काय झाले याचे मोजमाप त्यात नसते. तिची आखणी ज्या गृहीतकांवर होते तीही उघड्यावर असावी लागतात. सेलाफिल्डच्या सुरुवातीच्या काळाबद्दल जॉन डन्स्टर या अधिकाऱ्याने १९५८ च्या जिनिव्हा परिषदेत स्पष्ट मांडले होते की समुद्रात बऱ्यापैकी किरणोत्सर्गी द्रव्य सोडणे हा ठरवून केलेल्या शास्त्रीय प्रयोगाचा भाग होता. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना त्या प्रयोगाबद्दल कोणी विचारले नव्हते.

राहिला समुद्रात विरण्याचा मुद्दा. समुद्र द्रव्य पसरवतो, पण सजीव ते गोळा करतात. सेलाफिल्ड ज्या किनाऱ्यावर आहे त्या कंब्रियाच्या खडकांवर उगवणारे पॉर्फिरा नावाचे लालसर शेवाळ पाण्यातले रुथेनियम-१०६ आपल्यात साठवत असे. ते शेवाळ गोळा करून दक्षिण वेल्समध्ये जाई आणि तिथे शिजवून, ओट्सच्या पिठात घोळवून, तळून न्याहारीला खाल्ले जाई. म्हणून कारखान्यामुळे सर्वाधिक मात्रा मिळू शकणारे लोक अनेक वर्षे कारखान्याशेजारचे नव्हते. ते शेकडो किलोमीटरांवरचे वेल्श शेवाळखाऊ होते. पुढे टेक्नेशियम-९९ ने हाच धडा पुन्हा दिला. १९९४ पासून साठलेल्या कचऱ्यावर प्रक्रिया सुरू झाल्यावर १९९५ मध्ये सुमारे १९० टेराबेकरेल टेक्नेशियम समुद्रात गेले. त्याचे अर्धायुष्य दोन लाख वर्षांहून अधिक. ते आयरिश समुद्रातल्या शेवंड्यांत साठले आणि काही वर्षांत नॉर्वेच्या किनाऱ्यावरील शेवाळात दिसले. नॉर्वेने लावून धरल्यावर २००४ मध्ये ते अडवण्याची रासायनिक पद्धत वापरात आली.

गाळाचे तर उलटेच आहे; तो लपवत नाही, नोंदवतो. सेलाफिल्डजवळ एस्क नदीच्या मुखाशी, रॅव्हनग्लासच्या खारपाट गवताळ जमिनीत नळी खोल रोवून गाळाचा खांब वर काढला आणि त्याचे सेंटिमीटरभर जाडीचे काप करून मोजले, तर कारखान्याच्या विसर्गाचा इतिहास थरावार मिळतो. बॉम्बचाचण्यांचे शिखर १९६३ च्या आसपासचे, सेलाफिल्डचे सत्तरच्या दशकाच्या मध्याचे. दोन्हींची उंची आणि गुणोत्तरे वेगळी. कारखान्याची दप्तरे हरवली तरी हे दप्तर जागेवर आहे. प्लुटोनियम समुद्राच्या चिखलात कायमचे अडकून राहील असे सुरुवातीला धरले होते. तो चिखल भरतीबरोबर किनाऱ्यावर येतो. आणि काळ सगळे कमी करतो हेही सर्वस्वी खरे नाही. प्लुटोनियम-२४१ चे अर्धायुष्य १४ वर्षांचे, आणि ते विघटित होऊन अमेरिशियम-२४१ बनते, ज्याचे अर्धायुष्य ४३२ वर्षांचे. विसर्ग घटल्यावरही त्या गाळातले अमेरिशियम अनेक दशके वाढतच राहते.

इतके झाल्यावर एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे: आज या द्रव्यांमुळे बहुतेक लोकांना मिळणारी मात्रा नैसर्गिक मात्रेपेक्षा कमी असते. १९९७ मध्ये ब्रिटन व आयर्लंडमधील मुलांच्या दातांत प्लुटोनियम मोजले गेले तेव्हा सेलाफिल्डपासून अंतर वाढेल तसे ते घटत गेल्याचे दिसले, आणि तिथले प्रमाण आरोग्याच्या दृष्टीने नगण्य असल्याचे अभ्यासकांनीच सांगितले. पण हे कोणी सांगू शकले ते मोजल्यामुळे. मात्रा लहान आहे हा दावा मोजमापाच्या विरोधात वापरणे म्हणजे निकाल पुढे करून तपासणीच बंद करणे.

मोजमाप कसे असावे याचे नमुनेही आहेत. फ्रान्समध्ये ला हेगच्या किनाऱ्यावरून वाद पेटल्यावर १९९७ मध्ये उत्तर कोतांतँ प्रदेशासाठी अभ्यासगट नेमला गेला. त्यात कारखान्याचे, सरकारचे, परदेशी आणि स्वतंत्र प्रयोगशाळांचे तज्ज्ञ एकाच टेबलाशी बसले. १९६६ पासूनच्या सुमारे पाच लाख मोजण्या त्यांनी गोळा करून तपासल्या, एकमेकांच्या आकड्यांतल्या चुका काढल्या, आणि जिथे मतभेद राहिले तिथे ते मतभेद अहवालात छापले. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकाच्या मध्यापासून अन्न व पर्यावरणातील किरणोत्सर्गाचा वार्षिक अहवाल कारखान्यांपासून वेगळ्या संस्था काढतात. कोणत्या बंदरातल्या खेकड्यात, कोणत्या गावच्या दुधात, कोणत्या समस्थानिकाचे किती बेकरेल, हे त्यात कोणालाही वाचता येते. यामुळे अणुउद्योग बुडाला नाही.

भारतात ट्रॉम्बे आणि तारापूर येथील पुनर्प्रक्रियेचे कारखाने भाभा अणुसंशोधन केंद्राच्या अखत्यारीत आहेत. परिसर मोजणाऱ्या पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळाही त्याच केंद्राच्या आहेत. २००० साली भाभा केंद्राच्या सुविधा अणुऊर्जा नियामक मंडळाच्या देखरेखीतून काढून केंद्राच्याच अंतर्गत सुरक्षा परिषदेकडे देण्यात आल्या. या प्रयोगशाळांतले शास्त्रज्ञ कुशल आहेत, त्यांचे निबंध जगभरच्या नियतकालिकांत येतात, आणि त्यांच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्याचे कारण नाही. सेलाफिल्डमध्येही शास्त्रज्ञ अप्रामाणिक होते म्हणून आकडे चुकले नाहीत. ते चुकले कारण कारखान्याचे आकडे बाहेरून स्वतंत्रपणे पडताळले जात नव्हते. म्हणून मागणी साधी आहे. तारापूरच्या दोन्ही बाजूंच्या खाड्यांचा गाळ आणि सातपाटी, डहाणूच्या बंदरांत उतरणारे बोंबील व पापलेट यांचे नमुने दरवर्षी घ्यावेत. प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करून एक भाभा केंद्राकडे आणि दुसरा अणुऊर्जा विभागाबाहेरच्या विद्यापीठाकडे द्यावा. दोन्हीकडचे आकडे, सिझियम, प्लुटोनियम, आयोडीन-१२९ असे समस्थानिकनिहाय, गुणोत्तरांसह, मराठीत छापून पालघर जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीला द्यावेत.